पहिल्याच पायरीला मोठा वाजणारा इन-इअर: आवाज कापायचा तो नेमका कुठे?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काही भलतंच समजून बसले असेन तर लगेच कळेल. तुम्ही नवा इन-इअर, म्हणजे कानाच्या आत बसणारा इअरफोन, घेतलाय: 16 ओहम (त्याचा विजेला होणारा रोध), 110 डीबी प्रति मिलिवॅट (एक मिलिवॅट दिला की तो किती मोठा वाजतो). लॅपटॉपला जोडलेल्या टेबलावरच्या, डिजिटल आवाजाचा विजेचा संकेत करून तो वाढवणाऱ्या, डॅक-अ‍ॅम्पवर नॉब जरासा हलवला की आवाज नको इतका होतो, आणि तोही डाव्या कानात जास्त. गाणं थांबवलं तरी मागे सूं असा आवाज चालूच राहतो. फोनच्या डोंगलवर (फोनला लावायचा छोटा डॅक) रात्री पहिली पायरीसुद्धा सहन होत नाही. इअरफोन खराब निघाला का, की अ‍ॅम्प बदलायला हवा? आणि कुणीतरी सुचवलेला 75 ओहमचा अडॅप्टर, म्हणजे मध्ये रोध घालणारा जोड, घ्यावा का?

इअरफोन बहुधा ठणठणीत आहे आणि अ‍ॅम्पही. दोघांची जोडी जमलेली नाही, एवढंच. अडॅप्टरची ऑर्डर मात्र सध्या थांबवा, का ते पुढे येईलच.

मी स्टेजवर गायक-वादकांच्या कानातल्या मॉनिटरचं काम बघते आणि उरलेल्या वेळात केबल आणि छोटे अ‍ॅम्प दुरुस्त करते. या कामात ‘फार सेन्सिटिव्ह आहे’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी पहिला प्रश्न हाच विचारते: म्हणजे नेमकं काय होतं? कारण या एका शब्दाखाली तीन तक्रारी दडलेल्या असतात. एक, आवाज बारीक करायला पुरेशी जागाच मिळत नाही. दोन, सळसळ, म्हणजे तो मागचा सूं, ऐकू येते. तीन, बारीक आवाजात डावं-उजवं सारखं वाजत नाही. तुमच्याकडे तिन्ही आहेत. तिघांची कारणं वेगळी आहेत, पण औषध बऱ्याचदा एकच निघतं.

थोडा हिशेब करू, त्याशिवाय पुढचं पटणार नाही. डब्यावरचा ‘110 डीबी प्रति मिलिवॅट’ हा आकडा दिशाभूल करतो, कारण नॉब किंवा डोंगल मिलिवॅट नाही, व्होल्ट कमी-जास्त करतात. 16 ओहमच्या इअरफोनला 1 व्होल्ट दिला की 62.5 मिलिवॅट होतात, म्हणजे 1 मिलिवॅटच्या 18 डीबी वर. तेव्हा तुमचा इअरफोन 1 व्होल्टला 128 डीबी वाजतो. तुलनेला 300 ओहमचा, 97 डीबी प्रति मिलिवॅटवाला मोठा हेडफोन घ्या. तो 1 व्होल्टला जेमतेम 102 डीबी वाजतो. दोघांत 26 डीबीचा फरक, म्हणजे व्होल्टेजच्या भाषेत 20 पट. आणि टेबलावरचे बहुतेक अ‍ॅम्प त्या मोठ्या हेडफोनला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात.

तुमचा अ‍ॅम्प पूर्ण उघडल्यावर 2 व्होल्ट देतो असं धरू. तुमच्या इअरफोनवर ते झाले 134 डीबी. रात्री शांतपणे ऐकायला 70 डीबी पुष्कळ झाले. म्हणजे नॉबला 64 डीबी कापायचे आहेत आणि कानापर्यंत जेमतेम सव्वा मिलिव्होल्ट जाऊ द्यायचाय. पाण्याच्या टँकरला नळी लावून चमचा भरायचा म्हणा ना.

आता डाव्या-उजव्याचा घोळ. अ‍ॅम्पचा साधा नॉब म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले दोन पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध कमी-जास्त करायचे भाग), एक डाव्यासाठी, एक उजव्यासाठी. मधल्या पट्ट्यात ते एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकून चालतात. अगदी खालच्या टोकाला मात्र दोन्ही पट्ट्यांचा रोध नेमका सारखा ठेवणं कारखान्यातही अवघड असतं, तिथे दोन-तीन डीबीचा फरक सहज पडतो. मोठा हेडफोन लावणाऱ्याला ते कधी कळतच नाही, कारण त्याचा नॉब घड्याळातल्या दहा-अकराच्या जागी असतो. तुमचा सात आणि आठच्या मध्ये अडकलाय.

तरी इअरफोनवरचा संशय पूर्ण फिटावा म्हणून एक चाचणी करून घ्या. केबल सुटी होत असेल तर डावी पिन उजव्यात आणि उजवी डाव्यात लावा. जास्तीचा आवाज त्याच इअरफोनबरोबर राहिला तर दोष इअरफोनचा, दुसऱ्यात गेला तर अ‍ॅम्पचा किंवा केबलचा. केबल सुटी होत नसेल तर तोच इअरफोन फोनवर ऐकून बघा. आणि दोष इअरफोनचा निघालाच, तर तक्रार नोंदवण्याआधी नळीच्या तोंडावरची जाळी उजेडात धरून बघा. माझ्याकडे ‘एक बाजू गेली’ म्हणून येणाऱ्या इन-इअरमध्ये मळानं बुजलेली जाळी हे कारण लाजिरवाणं वाटावं इतक्या वेळा निघतं. नवा इअरफोन असला तरी आठवड्याभरात एवढी करामत होऊ शकते.

सळसळीकडे येऊ, कारण गैरसमज सगळ्यात जास्त तिथे आहेत. प्रत्येक अ‍ॅम्प स्वतःचा थोडा आवाज करतो, काही मायक्रोव्होल्टचा. समजा तुमचा 5 मायक्रोव्होल्ट करतो. हा काही वाईट आकडा नाही. पण 128 डीबी प्रति व्होल्टच्या इअरफोनवर ते 22 डीबी होतात. त्या 300 ओहमच्या हेडफोनवर तेच 5 मायक्रोव्होल्ट शून्याच्या खाली जातात, कुणालाच ऐकू येत नाहीत. शिवाय इन-इअर नीट बसला की बाहेरचा आवाज 20-25 डीबीनं उतरतो. म्हणजे सळसळ लपायला खोलीतली नेहमीची घरघरही उरत नाही. इअरफोन चांगला बसतो म्हणून दोष जास्त दिसतो, असा हा विनोद आहे. या बाबतीत कॅम्पफायर ऑडिओचा अँड्रोमेडा हा इन-इअर कुप्रसिद्ध आहे: 12.8 ओहम, आणि 94 डीबीसाठी त्याला सुमारे 7 मिलिव्होल्ट पुरतात. कुठल्याही अ‍ॅम्पची सळसळ पकडायला लोक तो मुद्दाम लावून बघतात.

सळसळ कुठून येते ते शोधायला दोन मिनिटं लागतात. शांततेचा, म्हणजे काहीच रेकॉर्ड न केलेला, एक ट्रॅक लावा. नुसतं गाणं थांबवून चालणार नाही, कारण पुष्कळ डोंगल गाणं थांबलं की काही सेकंदांत आपला आउटपुटच बंद करतात आणि तुम्हाला वाटतं किती शांत आहे. ट्रॅक चालू ठेवून नॉब खालून वर फिरवा. सळसळ जशीच्या तशी राहिली तर ती नॉबच्या पुढच्या भागातून, अ‍ॅम्पच्या शेवटच्या टप्प्यातून येतेय. नॉबबरोबर वाढली तर आधीच्या भागातून, डॅकमधून वगैरे. सूं ऐवजी घुंघुं असेल, किंवा माऊस हलवला की किरकिर होत असेल, तर गोष्टच निराळी. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर ती वीजपुरवठ्याची भानगड आहे, इअरफोनच्या सेन्सिटिव्हिटीनं ती फक्त उघडी पाडली. तुमच्या वर्णनावरून मात्र मला पहिलाच प्रकार वाटतो.

आणि इथे माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा आहे. पाईपात कुठेतरी गाळ मिसळत असेल तर टाकीपाशी व्हॉल्व्ह आवळून पाणी कमी होतं, गाळ तेवढाच येत राहतो. गाळ कमी करायचा तर पाईपाच्या शेवटी, तोटीपाशी आवळायला हवं. आवाजाचंही तसंच. लॅपटॉपमध्ये व्हॉल्यूम कमी केला, अ‍ॅपमध्ये कमी केला, तर गाणं बारीक होईल, सळसळ होती तेवढीच राहील.

स्टेजवर हे मला एका गायिकेनं शिकवलं. वायरलेस बेल्टपॅक (कमरेला लावायचा छोटा रिसीव्हर) लावून ती म्हणाली, ‘ताई, कानात पाऊस पडतोय.’ तिला आवाज मोठा वाटत होता म्हणून मी मिक्सरवरून पाठवणं कमी केलं, तिनं पॅकवर वाढवलं, मी आणखी कमी केलं. दोघी मिळून पाऊस वाढवत होतो. शेवटी उलटं केलं: मिक्सरवरून भरपूर पाठवलं, पॅकचा नॉब खाली घेतला, आणि पाऊस थांबला. तेव्हापासून आवाज शेवटच्या जागी कापायचा हे डोक्यात पक्कं बसलं.

तरीपण फुकटचे उपाय आधी करून बघावेत, कारण तुमची कुठली तक्रार किती त्रासदायक आहे हे तुम्हालाच माहीत. अ‍ॅम्पला गेनचं, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा त्याचं, बटण असेल तर ते ‘लो’वर ठेवा. पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये याने नॉबला जागाही मिळते आणि सळसळही उतरते. अ‍ॅम्पला 4.4 मिलिमीटरचं बॅलन्स्ड (डाव्या-उजव्याच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारं) आउटपुट असेल आणि तुम्ही मोठ्या हौसेनं तेच वापरत असाल, तर साध्या 3.5 वर या. बॅलन्स्डवर साधारण दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणजे 6 डीबी जास्त. तुम्हाला नेमकं तेच नकोय.

मग लॅपटॉपवर. आउटपुट 24 बिटवर ठेवा आणि आवाज 20 डीबीनं खाली घ्या. विंडोज असेल तर इक्वलायझर एपीओ या प्रोग्राममध्ये प्रीअ‍ॅम्प उणे 20 करा. ‘डिजिटल व्हॉल्यूम कमी केला की दर्जा जातो’ ही भीती 16 बिटच्या काळातली. एक बिट म्हणजे साधारण 6 डीबी, तेव्हा 20 डीबीला सव्वातीन बिट गेले. चोवीसातून तेवढे गेलेले तुम्हाला कळणार नाहीत. याने नॉब वर येईल आणि डावं-उजवं सारखं होईल, सळसळ तशीच राहील. एक धोका लक्षात ठेवा: काही प्लेअर एक्स्क्लुझिव्ह मोडमध्ये चालतात आणि विंडोजचा व्हॉल्यूम, इक्वलायझर सगळं टाळून थेट डॅकशी बोलतात. नॉब वर ठेवलेला असताना असं झालं तर 20 डीबीचा दणका बसतो. एकदा मला बसलाय. तो मोड बंद ठेवा.

फोनवर अडचण पायऱ्यांची आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 15 पायऱ्या असतात आणि 15 पायऱ्यांत 60 डीबी बसवायचे तर प्रत्येक पायरी मोठीच होणार. ज्या प्लेअर-अ‍ॅपमध्ये स्वतःचा प्रीअ‍ॅम्प किंवा बारीक व्हॉल्यूम आहे ते वापरा आणि तिथे 15-20 डीबी कापा. डोंगलला स्वतःची बटणं असतील तर आणखी चांगलं, त्यांच्या पायऱ्या बऱ्याचदा फोनपेक्षा जास्त असतात. ब्लूटूथ इअरबडसाठी हेच विचारणाऱ्यांना: डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम’ असतं. ते चालू केलं की फोनचा आणि इअरबडचा व्हॉल्यूम वेगळे होतात, मग इअरबडचा खाली ठेवून फोनच्या पायऱ्या वापरता येतात. पण इअरबडची स्वतःची सळसळ आतल्याच अ‍ॅम्पची असते, तिला बाहेरून हात लावता येत नाही.

आता तो 75 ओहमचा अडॅप्टर. हा उपाय मुळात वेडेपणाचा नाही, त्याला इतिहास आहे. एटिमॉटिक कंपनीचा ईआर-4 हा इन-इअर 1991 सालचा. त्याच्या ‘पी’ आणि ‘एस’ या दोन प्रकारांत मुख्य फरक 75 ओहमच्या रेझिस्टरचा होता. 27 ओहमच्या पी-ला 75 ओहमची केबल लावली की तो जवळपास 100 ओहमच्या एस-सारखा वाजायचा: आवाज कमी, आणि तीव्र स्वर जरा पुढे. शेवटचा भाग नीट वाचा. आवाजाबरोबर चवही बदलली. तिथे ती हवी होती, तुम्हाला हवी आहे का?

असं होतं कारण इअरफोनचे ‘16 ओहम’ प्रत्येक स्वराला 16 नसतात. आत अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज काढणारे चिमुकले ड्रायव्हर) आणि त्यांच्यात स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर असेल तर एखाद्या ठिकाणी 8 आणि एखाद्या ठिकाणी 40 ओहमही होऊ शकतात. ओळीत 75 ओहम टाकले की 8 ओहमच्या जागी आवाज 20 डीबीनं उतरतो आणि 40 ओहमच्या जागी फक्त 9 डीबीनं. म्हणजे एकाच गाण्यातल्या दोन स्वरांमध्ये 11 डीबीचा नवा फरक तुम्ही स्वतः घालता. बेस गायब झाला, गायकाचा आवाज डब्यातून येतो, असल्या तक्रारी मग सुरू होतात. तुमच्या इअरफोनमध्ये एकच डायनॅमिक ड्रायव्हर (छोट्या स्पीकरसारखा) असेल किंवा प्लॅनर (सपाट पडद्याचा) असेल, तर त्याचा रोध जवळजवळ सपाट असतो आणि अडॅप्टर बिनघोर चालेल. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून ‘थांबा’ म्हटलं. आणखी एक गंमत: काही फोन समोरचा रोध मोजून स्वतःहून जास्त व्होल्टेज देऊ लागतात. 75 ओहम लावले की ते समजतात मोठा हेडफोन आला.

त्यापेक्षा अटेन्युएटर, म्हणजे आवाज कापणारा जोड, लावा. यात दोन रेझिस्टर असतात, एक ओळीत आणि एक इअरफोनला समांतर. समांतर असलेला लहान ठेवला की इअरफोनला समोर लहानच रोध दिसतो आणि चव टिकते. तयार मिळतात, आयफायचा आयईमॅच हा त्यातला ओळखीचा. हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर मी वापरते ते आकडे देते: ओळीत 18 ओहम, समांतर 2.2 ओहम, प्रत्येक बाजूला एक जोडी. 16 ओहमच्या इअरफोनवर हे 20 डीबी कापतं, अ‍ॅम्पला सुमारे 20 ओहमचा भार दिसतो, आणि इअरफोनला मागे फक्त 2 ओहम दिसतात. वरच्या त्याच 8 ते 40 ओहमच्या इअरफोनवर इथे फरक पडतो दीड डीबीचा, अकराचा नाही. आणि हे अ‍ॅम्पच्या नंतर बसतं, म्हणून 22 डीबीची ती सळसळ 2 डीबीवर येते आणि नॉबही 20 डीबी वर चढतो. तिन्ही तक्रारी एका तुकड्यात.

बनवताना घ्यायची काळजी. रेझिस्टर 1 टक्क्याचे मेटल फिल्म घ्या, नाहीतर डावं-उजवं बरोबर करायला निघून नवा फरक घालाल. 2.2 ओहम मल्टिमीटरवर मोजताना आधी त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून तारांचाच रोध बघा आणि तो वजा करा, नाहीतर 2.5 वगैरे दिसेल आणि चांगला रेझिस्टर फेकून द्याल. जॅकचं टोक म्हणजे डावा, मधली कडी उजवा, बूड म्हणजे दोघांचा सामाईक. 18 ओहम प्लगच्या टोकापासून सॉकेटच्या टोकापर्यंत, 2.2 ओहम सॉकेटच्या टोकापासून बुडापर्यंत, आणि हेच कडीसाठी. मी पहिल्यांदा केला तेव्हा दोघांची अदलाबदल केली होती. आवाज जेमतेम 2 डीबीनं उतरला आणि अर्धा तास मी अ‍ॅम्पला शिव्या घालत होते. डाग देऊन झाला की काहीही न जोडता मोजा: प्लगकडून टोक ते बूड 20.2 ओहम, सॉकेटकडून टोक ते बूड 2.2. हे आकडे आले तर उलटं झालेलं नाही.

हा तुकडा साध्या 3.5 साठीच आहे. बॅलन्स्ड आउटपुटवर दोन्ही बाजूंचे उणे वेगवेगळे असतात, ते या तुकड्यात एकत्र आले तर अ‍ॅम्पचं आउटपुट शॉर्ट होईल. केबलवर माईक किंवा बटणं असतील तर ती यातून चालणार नाहीत. पाव वॉटचे रेझिस्टर ऐकण्याच्या आवाजाला भरपूर आहेत, पण 4-5 व्होल्ट देणारा अ‍ॅम्प पूर्ण उघडू नका, 18 ओहमवाला जळेल.

एक शंका राहून जायला नको. हाच इअरफोन नव्हे, सगळेच इअरफोन, आणि भांड्यांचा किंवा दरवाज्याचा आवाजही हल्ली त्रास देत असेल, तर रेझिस्टर शोधू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तसं नसेल तर रात्री बारीक ऐकावंसं वाटणं ही चांगलीच खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला 40 तास 80 डीबी अशी आहे, आणि दर 3 डीबीला वेळ निम्मी होते.

मी तुमच्या जागी असते तर आज फक्त लो गेन, केबलची अदलाबदल आणि शांत ट्रॅकची चाचणी एवढंच केलं असतं. सळसळ नसती तर सॉफ्टवेअरमध्ये 20 डीबी कापून गप्प बसले असते. अटेन्युएटर बनवलात तर पहिल्यांदा लावताना नॉब शून्यावर, लॅपटॉपमधले कापलेले 20 डीबी तसेच ठेवून, आणि कानात नवा नाही, एखादा जुना इअरफोन घालून बघा. आणि ड्रायव्हर किती आणि कुठल्या प्रकारचे आहेत तेवढं कळवा.